प्रकल्प पुरा होतो, इंग्रजी जिथल्या तिथे: दरवेळी अडतं कुठे?

पहिल्या तासाला वर्गात नुसता उत्साह असतो. गट पडतात, गटांची नावं ठरतात, चित्रं कोण काढणार यावरून वाद होतात. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक गटात एक-दोघं काम करत असतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत बसलेले असतात. शेवटच्या दिवशी भिंतीवर देखणे तक्ते लागतात. त्यातल्या एखाद्या इंग्रजी वाक्यावर बोट ठेवून, ज्या मुलीने ते सुवाच्य अक्षरात लिहिलंय तिलाच अर्थ विचारला, की ती मान खाली घालते.

इंग्रजी शिकवणाऱ्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकलंय आणि माझ्या वर्गात तर पुन्हा पुन्हा पाहिलंय. दर वर्षी आपण नवं कारण शोधतो. विषय कंटाळवाणा होता, वेळ कमी पडला, या वर्षीची मुलंच तशी आहेत. मग पुढच्या वर्षी विषय बदलतो, वेळ वाढवतो, आणि गाडं पुन्हा त्याच जागी रुततं. म्हणून हे लिहितेय. बिघाड एकेक करून घेऊ, पण त्याआधी एक तपासणी करा, कारण बहुतेक बिघाडांचं मूळ एकाच जागी निघतं.

आधी ही तपासणी

गेल्या खेपेचा प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. मुलांनी तो सगळा मातृभाषेत केला असता आणि शेवटी कुणीतरी एकाने त्याचं भाषांतर करून दिलं असतं, तर काय अडलं असतं? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर बिघाड सापडला. त्या प्रकल्पात इंग्रजी म्हणजे काम संपल्यावर द्यायचा रंगाचा हात होता. मुलं आळशी नव्हती. ज्या गोष्टीची गरज लागली नाही ती त्यांनी केली नाही, एवढंच.

प्रकल्प पद्धत शिक्षणात रुजली त्यात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांच्या १९१८ सालच्या लेखाचा वाटा मोठा आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा होता हेतू: मुलाने मन लावून, स्वतःच्या हेतूने केलेलं काम. भाषेच्या तासाला इथेच पेच पडतो. मुलाचा हेतू खेळ बनवण्याचा असतो, पाहणी करण्याचा असतो, व्हिडिओ काढण्याचा असतो. इंग्रजी शिकण्याचा हेतू आपला असतो. या दोन हेतूंची गाठ पडेल अशी जागा प्रकल्पात आपणच बांधायची असते. ती आपोआप तयार होत नाही.

ती जागा कशी असते हे मला भाषा-शिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांच्या कामातून उमगलं. कॅनडात फ्रेंचमधून शिकणाऱ्या, पण घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून त्या मुलांना भाषा छान समजत होती, बोलण्या-लिहिण्यात मात्र ती बरीच मागे होती. १९८५ मध्ये स्वेन यांनी मांडलं की समजून घेताना माणूस अंदाजावर निभावून नेऊ शकतो, पण स्वतः बोलायची वेळ आली की शब्दांची आणि वाक्याची बांधणी करावीच लागते. तिथे आपल्याकडे काय कमी आहे ते त्याचं त्यालाच दिसतं. मला हे ‘अडणं’ फार मोलाचं वाटतं. अडलेलं मूल शब्द शोधतं, विचारतं आणि मिळालेला शब्द धरून ठेवतं. प्रकल्प आखताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: इंग्रजीवाचून हे काम नेमकं कुठे अडेल?

इंग्रजीवाचून काहीच अडत नसेल तर

उपाय विषयात नाही, वाचणाऱ्या माणसात आहे. मुलांनी बनवलेली वस्तू अशा कुणीतरी वापरायला हवी, ज्याच्याकडे त्या इंग्रजी मजकुराखेरीज दुसरा कुठलाच आधार नाही.

माझ्या वर्गात सगळ्यात चाललेलं उदाहरण सांगते. प्रत्येक गटाने पटावरचा एक खेळ बनवायचा: पट, सोंगट्या, फासा आणि एका पानावर इंग्रजीत नियम. खेळून बघणार दुसरा गट. बनवणाऱ्यांनी मागे उभं राहायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही, खुणाही करायच्या नाहीत. खेळणाऱ्यांनी फक्त कागद वाचून खेळायचं.

पहिल्या फेरीत बहुतेक खेळ काही मिनिटांतच बंद पडतात. नियमात ‘गो बॅक’ लिहिलेलं असतं, पण किती घरं मागे जायचं ते नसतं. लाल घरावर आल्यावर काय होतं ते बनवणाऱ्यांच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. खेळणारे अडतात, एकमेकांकडे बघतात, चुकीचं काहीतरी करून पुढे जातात. मागे उभ्या असलेल्या मुलांचा जीव नुसता वर-खाली होत असतो. आपला खेळ चांगला आहे हे त्यांना माहीत असतं आणि तो भाषेपायी फसतोय हे डोळ्यांनी दिसत असतं.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मला संपूर्ण प्रकल्पात सर्वांत मोलाची वाटतात. एरवी इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारा मुलगा टेबलाशी येतो. “बाई, पाळी चुकते याला काय म्हणायचं?” मी सांगते, ‘मिस अ टर्न’. तो ते पुटपुटत जागेवर जातो. लगेच दुसरा गट येतो, त्यांना ‘लाल घरावर आलात तर’ असं लिहायचंय. तेव्हा मी सगळ्यांना थांबवून फळ्यावर लिहिते: ‘इफ यू लँड ऑन अ रेड स्क्वेअर, मिस अ टर्न.’ खाली दुसरं: ‘इफ यू थ्रो अ सिक्स, थ्रो अगेन.’ ही वाक्यरचना गाळलेल्या जागा भरून महिनाभर घोटली तरी निसटते. इथे दहा मिनिटांत प्रत्येक कागदावर ती पाच-सहा वेळा उतरते, कारण ती मुलांना हवी असते.

दुसऱ्या फेरीत खेळ वेगळ्या गटाला द्यायचा. तिसरी फेरी जमली तर दुसऱ्या वर्गाला.

खेळ बनवायचा नसेल तर हीच युक्ती इतर कामांना लावता येते. कागदाची घडी घालून वस्तू करण्याच्या सूचना, ज्या वाचून दुसरा गट ती वस्तू करून दाखवेल. शाळेच्या आवारात लपवलेल्या वस्तूपर्यंत नेणारी मार्गदर्शक पत्रं. आपली मातृभाषा न येणाऱ्या एखाद्या वर्गाशी पत्रव्यवहार जुळला तर उत्तमच, कारण तिथे अडवण्यासाठी वेगळा नियमही करावा लागत नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर भागात इंग्रजी अध्यापनाचा जो प्रयोग केला, त्यातही एक प्रकार हाच होता: एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसते आणि काम पुरं व्हायला ती पोचवावीच लागते.

गटात सगळे मातृभाषेतच बोलतात

बोलू द्या. हे मी विचार करून सांगतेय. गटात मातृभाषा बंद केली, दंड लावला, नाव लिहायला गटप्रमुख नेमला, की मुलं इंग्रजी बोलायला लागत नाहीत, ती गप्प होतात. आखणी, भांडणं, कामाची वाटणी हे सगळं विचारांचं काम आहे आणि ते ज्या भाषेत नीट होतं त्याच भाषेत व्हावं.

मात्र प्रकल्पात दोन किंवा तीन ठिकाणं आधीच ठरवून ठेवा, जिथे फक्त इंग्रजी चालेल. खेळून बघताना खेळणाऱ्यांचं बोलणं हे एक. दुसऱ्या गटाला प्रश्न विचारणं हे दुसरं. रोज तासाच्या शेवटी गटातल्या एकाने ‘आज काय झालं, उद्या काय करणार’ हे तीन वाक्यांत सांगणं हे तिसरं. एवढं पुरतं.

शिवाय त्या ठिकाणी लागणारी वाक्यं मुलांच्या हातात हवीत. ‘इंग्रजीत बोला’ असं नुसतं सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला ‘पोह’ म्हणणं. मी एका पट्टीवर आठ-दहा वाक्यं लिहून देते. ‘हूज टर्न इज इट?’, ‘आय डोन्ट अंडरस्टँड धिस पार्ट’, ‘कॅन यू से दॅट अगेन?’, ‘लेट्स चेंज धिस’, ‘आय थिंक देअर इज अ मिस्टेक हिअर’. प्रकल्प सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात रोज पाच मिनिटं ती म्हणून, एकमेकांना फेकून, आवाज बदलून घोटून घ्यायची. पट्टी बाकावर चिकटवलेली असते. काही दिवसांनी मुलं तिच्याकडे बघेनाशी होतात आणि तेव्हा मी दोन नवी वाक्यं देते.

इंटरनेटवरून उतरवून आणतात

आता तर भाषांतराचं ॲप आणि विचारेल ते लिहून देणारं एआय प्रत्येकाच्या हाताशी आहे. आपण याला फसवणूक म्हणतो. मी हळूहळू वेगळ्या मतावर आलेय: बऱ्याचदा आपण दिलेलं काम उतरवल्याशिवाय होण्यासारखंच नसतं.

‘ज्वालामुखी’ विषय दिला. मूल इंटरनेटवर गेलं. समोर आलेला मजकूर त्याला वाचता येतो का? हू आणि पॉल नेशन या भाषा-संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच ठाऊक असावे लागतात. ज्यांना शंभरातले ८० शब्द माहीत होते, त्यांच्यापैकी कुणालाच पुरेसं आकलन झालं नाही. आपल्या मुलांना त्या ज्वालामुखीच्या पानावरचे शंभरातले ५० शब्दही येत नसतील, तर स्वतःच्या शब्दांत लिहायला त्यांच्याकडे स्वतःचे शब्दच नसतात. उतरवणं हा त्यांना दिसणारा एकच रस्ता असतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वाचायला आपणच निवडून द्यायचं. विकिपीडियाची सोप्या इंग्रजीतली वेगळी आवृत्ती आहे, तिथली पानंही थोडी छाटून द्यावी लागतात. वाचून झाल्यावर पान बाजूला ठेवायचं, फक्त सहा शब्दांची टिपणं जवळ ठेवायची आणि त्यावरून वर्गातच लिहायचं. घरून लिहून आणायला सांगितलेला मजकूर कुणी लिहिला हे शोधत बसण्यात आपलीही उमेद जाते.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. जी माहिती जगात कुठेच लिहिलेली नाही तीच विचारायची. आपल्या वर्गातली मुलं किती वाजता झोपतात? दप्तराचं वजन किती भरतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मुलांनी प्रश्न तयार करायचे, दुसऱ्या वर्गात जाऊन इंग्रजीत विचारायचे, आलेख काढायचा आणि खाली चार वाक्यं लिहायची. ‘सेव्हन आउट ऑफ ट्वेंटी स्टुडंट्स स्लीप आफ्टर टेन.’ हे वाक्य कुठल्याही संकेतस्थळावर सापडणार नाही. ते त्यांनाच लिहावं लागतं आणि त्यातला आकडा त्यांचा स्वतःचा असतो. अशा कामात ॲपवर एखादा शब्द बघितला तर मी अडवत नाही. शब्द बघणं हे शिकणंच आहे.

एक राबतो, चार बघतात

माक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते मोजमाप १९१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर, तो एकटा ओढताना लावायचा त्याच्या निम्म्यावर यायचा. मोठ्या गटात हे होणारच, त्यासाठी मुलांच्या स्वभावाला दोष देऊ नका.

तिघांचा गट करा. चौथा आला की तो बघ्या होतो, असा माझा अनुभव आहे. वर्ग मोठा असेल तर गटांची संख्या वाढू द्या. दुसरं म्हणजे प्रत्येकाकडे असं काहीतरी द्या जे इतर दोघांकडे नाही. एलियट अॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ‘जिगसॉ’ पद्धत सुरू केली ती याच तत्त्वावर: धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाने आपला तुकडा शिकून गटाला शिकवायचा. तिथे मुख्य प्रश्न वेगवेगळ्या वंशांच्या मुलांमधलं वैर कमी करण्याचा होता, पण भाषेच्या तासाला तिचा आणखी एक फायदा होतो. ज्याच्याकडे तिसरा तुकडा आहे त्याला बोलावंच लागतं आणि इतरांना ऐकावंच लागतं. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला छोटा तुकडा द्या, पण तो इतका महत्त्वाचा असू द्या की त्याच्यावाचून गटाचं चालणार नाही.

‘सगळं सुंदर अक्षर असलेली मुलगीच लिहिते’ ही तक्रार इथेच सुटते. कच्चा मसुदा प्रत्येकाच्या हातचा हवा. पक्का कुणीही लिहो.

दुसऱ्या आठवड्यात हवा जाते

बहुतेक वेळा प्रकल्प फक्त लांबलेला असतो. सहा ते आठ तासांत संपेल एवढाच घ्या आणि प्रत्येक तासाला काहीतरी पुरं होऊ द्या: आज नाव आणि पट, उद्या नियमांचा पहिला मसुदा. पंधरा दिवसांनी येणाऱ्या ‘अंतिम दिनांका’कडे बघून मुलं कामाला लागत नाहीत.

गुण आहेत का, मगच करतो

हा प्रश्न आला की वाईट वाटतं, पण तो मुलांना आपणच शिकवलेला असतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग माझ्या मनातून जात नाही. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर ती मुलं चित्रांना आधीपेक्षा बराच कमी वेळ देत होती, बक्षीस न मिळालेल्यांच्या जवळपास निम्मा. ज्यांना बक्षीस अवचित मिळालं होतं, त्यांचं मन चित्रांवरून उडालं नव्हतं.

गुण द्यावेच लागतात, ते कुणाला चुकलेलं नाही. पण पहिल्या दिवशी गुणांचा तक्ता वाचून प्रकल्प सुरू करू नका. खेळ कोण खेळणार आहे, पत्र कुठे जाणार आहे, हे सांगून सुरू करा. गुण देताना सजावटीला शून्य ठेवा आणि पहिल्या व दुसऱ्या मसुद्यात किती फरक पडला त्याला जास्तीत जास्त वजन द्या. कच्च्या मुलालाही तिथे पूर्ण गुण मिळवता येतात.

सादरीकरण कुणी ऐकत नाही

एकामागून एक दहा गट फळ्यासमोर येऊन कागद वाचतात आणि बाकीचा वर्ग जांभया देतो. यात बोलणाऱ्याला एकच संधी मिळते, तीही सगळ्यांच्या नजरेसमोर, सर्वांत जास्त घाबरलेला असताना.

वर्गाचा बाजार करा. प्रत्येक गटातला एक जण आपल्या तक्त्याशी थांबतो, बाकीचे फिरतात. ठरावीक वेळाने टाळी वाजते, फिरणारे पुढे सरकतात, थांबलेला तेच पुन्हा नव्या माणसांना सांगतो. पॉल नेशन यांनी ज्याचा अभ्यास केला तो चार-तीन-दोनचा सराव इथे जोडा: तीच गोष्ट एका माणसाला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. तिसऱ्या खेपेला मूल अडखळायचं कमी झालेलं असतं. माझ्या छोट्या मुलांना चार मिनिटं झेपत नाहीत, म्हणून मी दोन, दीड, एक असं करते. फिरणाऱ्यांच्या हातात एक कागद असतो आणि प्रत्येक तक्त्याशी एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर त्यावर लिहायचं असतं. रिकाम्या हाताने फिरणारं मूल गप्पा मारतं.

चुका कधी सांगायच्या

काम चालू असताना लाल पेन घेऊन फिरू नका. मुलाने शब्दासाठी विचारलं तर शब्द द्या, पुढे चला. पक्क्या तक्त्यावर तर अजिबात नको, तेव्हा सुधारायला काही उरलेलं नसतं. योग्य वेळ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्याच्या मधे, वस्तू वापरून झाल्यावर लगेच. सगळ्या गटांतली मिळून पाच वाक्यं फळ्यावर लिहा, नावं न घेता, आणि मुलांनाच दुरुस्त करू द्या. पाच म्हणजे पाच. ज्या चुकीमुळे वाचणारा अडला ती आधी घ्या. ‘द’ आणि ‘अ’ची गल्लत खेळ थांबवत नाही, ती पुढच्या खेपेला बघू.

प्रकल्प आत्ता, या आठवड्यातच अडकलाय

तर तो मोडीत काढू नका. उद्याच्या तासाला सगळं जसं अर्धवट आहे तसं बाकांवर मांडायला सांगा. गटांची अदलाबदल करा. प्रत्येक गटाने दुसऱ्याचं काम बघून तीन चिठ्ठ्या लिहायच्या, इंग्रजीत, पट्टीवरची वाक्यं वापरून: एक आवडलेली गोष्ट, एक न समजलेली, एक प्रश्न. मग आपापल्या जागी परतायचं आणि चिठ्ठ्या वाचायच्या. ‘आय डोन्ट अंडरस्टँड धिस पार्ट’ असं सोबत्याच्या अक्षरात लिहिलेलं वाचून मुलं जेवढ्या तातडीने कागद पुढे ओढतात, तेवढ्या तातडीने माझ्या सांगण्यावरून त्यांनी कधी ओढलेला नाही. त्या तासाला नवं काही शिकवू नका. टेबलाशी बसा आणि शब्द मागायला येतील त्यांना शब्द द्या.